जादुई वास्तववाद

जादुई वास्तववाद : दैनंदिन वास्तवाचे तपशीलवार चित्रण करीत असता अलौकिक घटनाही तितक्याच सहजतेने, कोणतेही स्पष्टीकरण न देता सांगणारी कथनरीती. परीकथेतील जग मुळातच वेगळे असते. येथे ते आपलेच असते. ही संज्ञा जर्मन कलासमीक्षक फ्रांट्‌स रोह (१८९०–१९६५) याने १९२५ मध्ये अभिव्यक्तिवादोत्तर चित्रकलेसंबंधी वापरली. कादंबरीत तिला खरा आशय लाभला तो लॅटिन अमेरिकेत, आणि तोही बव्हंशी समाजाने बाहेर ठेवलेल्यांच्या कथांतून.

क्यूबन कादंबरीकार आलेहो कार्पेंत्येर (१९०४–८०) याने १९४३ मध्ये हैतीला भेट दिली. एल रेइनो दे एस्ते मुंदो (१९४९, म. शी. या जगाचे राज्य) या कादंबरीच्या प्रस्तावनेत त्याने ‘अद्‌भुत वास्तवा’ची कल्पना मांडली : अद्‌भुत हे यूरोपीय अतिवास्तववाद्यांप्रमाणे मुद्दाम घडवावे लागत नाही, जेथे श्रद्धा जिवंत आहे, तेथे ते आढळते. साखरेच्या चरकात हात गमावलेला माकांदाल हा गुलाम पळून जातो, मळेवाल्यांवर विषप्रयोग घडवून आणतो व अखेर पकडला जातो. त्याला १७५८ मध्ये जिवंत जाळण्यात आले, ही इतिहासातील नोंद. कादंबरीत मात्र जमलेल्या गुलामांना तो बंध तोडून उडून गेलेला दिसतो; शिपायांनी त्याला पुन्हा आगीत लोटले, हे त्या गदारोळात फार थोड्यांच्या लक्षात येते. गुलाम हसत परततात आणि मालकाला तो त्यांचा निर्दयपणा वाटतो. फ्रेंच वसाहतींच्या कायद्यात गुलामाची साक्ष सहसा पुरावा म्हणून धरली जात नसे. कार्पेंत्येर ती कादंबरीत दाखल करून घेतो, हे या रीतीचे मर्म होय.

गाब्रिएल गार्सीआ मार्केस (१९२७–२०१४) याच्या सिएन आन्योस दे सोलेदाद (१९६७, म. शी. एकांताची शंभर वर्षे) मध्ये केळीमळ्यांतील संपकऱ्यांवर झालेला गोळीबार सारे गाव विसरते. १९२८ मध्ये कोलंबियातील स्येनागा येथे असा गोळीबार खरोखरच झाला होता. मृतांचा आकडा आजही वादग्रस्त आहे. येथे अद्‌भुत आहे ते विस्मरण. अमेरिकन लेखिका टोनी मॉरिसन (१९३१–२०१९) हिची बिलव्हेड (१९८७) ही कादंबरी मार्गारेट गार्नर या पळालेल्या गुलाम स्त्रीच्या १८५६ मधील घटनेवरून सुचली. मुलगी पुन्हा गुलामगिरीत जाऊ नये, म्हणून गार्नरने तिला ठार केले होते; कादंबरीत मृत मुलगी सदेह परतते. मॉरिसनला मात्र ‘जादुई वास्तववाद’ हे नामाभिधान रुचत नसे. कृष्णवर्णीयांची स्वतःची ज्ञानपरंपरा त्यामुळे झाकली जाते, हा तिचा आक्षेप रास्त होता.

पुढे या रीतीचा साचा बनला. वंचितांची श्रद्धा परदेशी वाचकाच्या करमणुकीची वस्तू ठरू लागली. त्याविरुद्ध चिलीतील तरुण लेखकांनी १९९६ मध्ये मॅकओंदो हा कथासंग्रह संपादित केला. मार्केसच्या माकोंदो या गावाचे हे उघड विडंबन होते.