बाबासाहेबांच्या दोन लोकसभा निवडणुका आणि मताची शुद्धी

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. परंतु हिंगोली हा लोकसभा मतदारसंघ १९७७ पासून अस्तित्वात आहे. हिंगोली, कळमनुरी, वसमत यांच्यासह नांदेड जिल्ह्यातील किनवट व हदगाव आणि यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड हे विधानसभा मतदारसंघ आज त्यात मोडतात. मतदारसंघ खुला आहे. २०१४ मध्ये येथील निकाल अवघ्या १,६३२ मतांनी लागला. २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीचे मोहन राठोड आणि २०२४ मध्ये त्याच पक्षाचे बी. डी. चव्हाण यांनी प्रत्येकी दीड लाखांहून अधिक मते घेतली. दोघेही तिसऱ्या क्रमांकावर राहिले. प्रत्येक निकालानंतर येथील बौद्ध वस्त्यांत, विहारांच्या ओट्यांवर एक प्रश्न विचारला जातो : आपले मत वाया गेले काय?

हा प्रश्न नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लोकसभेच्या दोन निवडणुका लढविल्या आणि दोन्ही गमावल्या, तेव्हाही तो विचारला गेला होता. त्या दोन पराभवांचा उल्लेख आपल्याकडे बहुधा कृतघ्नतेच्या कथेच्या रूपाने होतो. भावना म्हणून ते समजण्यासारखे आहे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने पराभवाची यंत्रणाही समजून घेतली पाहिजे. मतदानाची पद्धत कोणती होती, आकडे काय सांगतात आणि बाबासाहेब त्या प्रसंगी कसे वागले, या तीन अंगांनी प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे.

अप्रत्यक्ष प्रवेश, प्रत्यक्ष पराभव

एक वस्तुस्थिती प्रथम नोंदविली पाहिजे. मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेब जेव्हा जेव्हा निवडून गेले, तेव्हा तेव्हा ते अप्रत्यक्ष निवडणुकीने गेले. १९४६ मध्ये जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साहाय्याने ते बंगालमधून संविधान सभेवर निवडून आले. फाळणीमुळे ते सदस्यत्व संपुष्टात आल्यावर १९४७ मध्ये बॅ. मु. रा. जयकर यांच्या रिक्त जागेवर त्यांची मुंबईतून निवड झाली. १९५२ मध्ये मुंबई विधिमंडळाने त्यांना राज्यसभेवर पाठविले. थेट जनतेच्या मतांवर मात्र ते केंद्रीय विधिमंडळात कधीही पोहोचू शकले नाहीत. देशाला प्रौढ मताधिकार देणाऱ्या संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष त्या मताधिकाराच्या पहिल्याच कसोटीत बाहेर राहिला.

प्रांतिक निवडणुकीचा अनुभव मात्र वेगळा होता. १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाचे उमेदवार म्हणून त्यांनी मुंबईत काँग्रेसचे उमेदवार, विख्यात क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांचा सुमारे दोन हजार मतांनी पराभव केला. त्या वेळी मुंबई इलाख्यात बहुसदस्यीय मतदारसंघांसाठी एकत्रित मतदानाची पद्धत होती. मतदाराला जितक्या जागा तितकी मते असत आणि इच्छा असल्यास ती सर्व मते एकाच उमेदवाराला देता येत. अल्पसंख्य समाजाच्या दृष्टीने हा फरक फार मोलाचा होता. मते एकवटता आल्यामुळे आपल्या विश्वासाचा माणूस निवडून आणणे त्याला शक्य होई.

१९५२ : मुंबई शहर उत्तर

सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू संहितेच्या प्रश्नासह अनेक कारणांनी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यानंतर काही महिन्यांतच पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने समाजवादी पक्षाशी समझोता केला. मुंबई शहर उत्तर हा द्विसदस्यीय मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. सर्वसाधारण जागेसाठी समाजवादी पक्षाचे अशोक मेहता आणि राखीव जागेसाठी बाबासाहेब अशी ही जोडी होती. समोर काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी व नारायण सदोबा काजरोळकर आणि कम्युनिस्ट पक्षाचे कॉ. श्रीपाद अमृत डांगे होते.

मतदानाची पद्धत ध्यानात घेतल्याशिवाय निकालाचा अर्थ लागत नाही. मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत तेव्हा नव्हती. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असे, तिच्यावर चिन्ह चिकटविलेले असे आणि मतदार पडद्याआड जाऊन हव्या त्या पेटीत कोरी मतपत्रिका टाकी. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचे झाड, फेडरेशनचा हत्ती अशी ही चिन्हे होती. द्विसदस्यीय मतदारसंघात मतदाराला दोन मते असत. पण १९३७ च्या पद्धतीच्या उलट ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांना देणे बंधनकारक होते. दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत पडल्या तर त्यांतील एक बाद होई. यालाच बोलीभाषेत 'मत कुजविणे' म्हणत.

निकाल असा लागला : गांधी १,४९,१३८, मेहता १,३९,७४१, काजरोळकर १,३८,१३७, आंबेडकर १,२३,५७६, डांगे ९६,७५५. राखीव जागेवर बाबासाहेबांचा १४,५६१ मतांनी पराभव झाला.

या आकड्यांकडे बारकाईने पाहावे. मेहता व बाबासाहेब ही एकाच समझोत्यातील जोडी. तरीही मेहतांना बाबासाहेबांपेक्षा १६,१६५ मते अधिक मिळाली. ही तफावत बाबासाहेबांच्या पराभवाच्या अंतराहून मोठी आहे. मेहतांइतकीच मते बाबासाहेबांना पडली असती तर काजरोळकरांवर त्यांनी १,६०४ मतांनी मात केली असती. दुसरी गोष्टही तितकीच बोलकी आहे. काँग्रेसच्या जोडीतही गांधींपेक्षा काजरोळकरांना ११,००१ मते कमी पडली. पक्ष कोणताही असो, जोडीतील अनुसूचित जातीचा उमेदवार आपल्या सवर्ण सहकाऱ्याच्या मागे राहिला. एकेका मतदाराचे मन आकड्यांतून वाचता येत नाही, हे खरे. परंतु दोन्ही जोड्यांत एकाच दिशेने पडलेले हे अंतर केवळ योगायोगाचे मानणे कठीण आहे.

बाद मतांचा प्रश्न याहून गंभीर होता. ७४,३३३ मते बाद ठरली, अशी तक्रार बाबासाहेब व मेहता यांनी निवडणूक याचिकेत केली. डांगे यांच्या पक्षाने आपल्या मतदारांना दुसरे मत कुजविण्याचा प्रचार केला, असा बाबासाहेबांचा आक्षेप होता. याचिका फेटाळली गेली. येथे महत्त्वाचे हे की, पराभवानंतर बाबासाहेबांनी निकालाला आव्हान दिले ते कायद्याने नेमून दिलेल्या मार्गानेच.

पराभवाची सारी कारणे विरोधकांच्या माथी मारणेही इतिहासाला धरून होणार नाही. त्या निवडणुकीत काँग्रेसने लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा जिंकल्या. स्वातंत्र्यलढ्याची पुण्याई आणि पंडित नेहरूंची लोकप्रियता यांपुढे अनेक मातब्बर टिकले नाहीत. फेडरेशनची संघटना मर्यादित होती. देशभरातून तिचे दोनच उमेदवार लोकसभेत गेले : सोलापूरहून पां. ना. राजभोज आणि तेव्हाच्या हैदराबाद राज्यातील करीमनगरहून एम. आर. कृष्णा. आजचा हिंगोली जिल्हाही त्या वेळी हैदराबाद राज्यातच होता, हे येथील वाचकांनी लक्षात ठेवावे.

१९५४ : भंडारा

दुसरी लढत मे १९५४ मधील भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीची. भंडारा तेव्हा मध्य प्रदेश राज्यात होते. मतदारसंघ पुन्हा द्विसदस्यीय होता आणि सर्वसाधारण जागेवर पुन्हा अशोक मेहताच उभे होते. ते आता प्रजा समाजवादी पक्षात होते. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर बाबासाहेबांच्या विरुद्ध होते. राज्यसभेचे सदस्य असूनही बाबासाहेबांनी ही निवडणूक लढविली, यावरून प्रत्यक्ष जनादेशाला ते किती महत्त्व देत होते हे दिसते. प्रकृती ढासळलेली असतानाही त्यांनी प्रचारसभा घेतल्या आणि सरकारच्या परराष्ट्र धोरणावर कठोर टीका केली.

निकाल अधिकच बोधप्रद ठरला. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब आठ हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाले. मुंबईत जोडीतील दोघेही हरले होते; येथे जोडी फुटली.

या निवडणुकीतील एक हकीकत जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणींतून सांगितली जाते. आपल्या मतदारांनी एकच मत हत्तीला द्यावे व दुसरे कुजवावे, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या मतांत भर पडणार नाही, असे काहींनी सुचविले. बाबासाहेबांनी ते साफ नाकारले. ज्या संविधानाच्या निर्मितीत आपला हात आहे, त्याने दिलेले मत वाया घालविण्यास आपण सांगणार नाही, मग पराभव झाला तरी चालेल, असा त्यांचा पवित्रा होता. मुंबईत ज्या कृत्याविरुद्ध त्यांनी दाद मागितली होती, तेच कृत्य भंडाऱ्यात स्वतःच्या लाभासाठी करण्यास त्यांनी नकार दिला. त्यांच्या आयुष्यातील ही सुसंगती दोन्ही निकालांपेक्षा मोठी आहे.

शलाकाग्रहण आणि मतपेटी

२५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी भिक्खुसंघाच्या कार्यपद्धतीचा उल्लेख केला होता. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सर्व संघाला ठाऊक होते, असे त्यांनी दाखवून दिले. याचे मूळ विनयपिटकातील चुल्लवग्गाच्या समथक्खंधकात आहे. वाद मिटविण्याच्या उपायांत तेथे 'येभुय्यसिका' म्हणजे बहुमताने निर्णय हा एक उपाय सांगितला आहे. त्यासाठी शलाका, म्हणजे काड्या, वाटल्या जात. शलाका गोळा करणारा 'सलाकगाहापक' संघाने नेमावयाचा. तो छंद, दोष, मोह व भय यांच्या आहारी न जाणारा असावा आणि कोणती शलाका घेतली गेली व कोणती नाही हे जाणणारा असावा, अशी पाच अंगे विहित आहेत. मतदानाचे गूढ, विवृत आणि कानात सांगून केलेले असे तीन प्रकार आहेत. गूढ प्रकारात वेगवेगळ्या रंगांच्या शलाका वापरल्या जात. चिन्हे लावलेल्या १९५२ च्या पेट्यांचे हे दूरचे पूर्वरूप म्हणता येईल.

परंतु साम्याबरोबर भेदही पाहिला पाहिजे. गूढ शलाकाग्रहणात अधम्मवादी अधिक भरले, तर ते ग्रहण नीट झाले नाही असे जाहीर करून पुन्हा घेण्याची मुभा विनयाने दिली आहे. संघाचे अंतिम प्रमाण धम्म हे होते. बहुमत हे त्यापर्यंत जाण्याचे साधन होते. गणराज्याला ही मुभा नाही. मतदाराने जातिद्वेषाने मत दिले, म्हणून कोणताही निर्वाचन अधिकारी पेट्या परत पाठवू शकत नाही, आणि तसा अधिकार कोणाला देणे धोक्याचेही ठरेल. याचा अर्थ असा की, विनयाने जी शुद्धी सलाकगाहापकाकडून अपेक्षिली, ती लोकशाहीला प्रत्येक मतदाराकडून अपेक्षावी लागते. छंद, दोष, मोह, भय यांपासून मुक्त राहण्याची जबाबदारी आता मत देणाऱ्यावरच आली आहे. मोजणारा कितीही निःपक्षपाती असला तरी देणाऱ्याच्या मनातील जात तो मोजणीतून वगळू शकत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी सांविधानिक नीती उपजत नसते, ती जोपासावी लागते, असे बजावले होते. मुंबई व भंडारा येथील निकालांनी त्या इशाऱ्याचा पुरावाच पुरविला.

पराभवानंतर

या अनुभवाचे राजकीय परिणाम लवकरच दिसले. ऑगस्ट १९५५ मध्ये फेडरेशनच्या कार्यकारिणीने विधिमंडळातील राखीव जागा रद्द कराव्यात असा ठराव केला. राखीव जागा असूनही निवड बहुसंख्यांच्या हाती राहत असेल, तर प्रतिनिधी समाजाचा होत नाही, हा त्यामागील विचार स्पष्ट आहे. पुढे सर्व वंचितांना सामावून घेणाऱ्या रिपब्लिकन पक्षाची कल्पना बाबासाहेबांनी मांडली. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी तो पक्ष स्थापन झाला.

त्याआधीच १९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत चित्र पालटले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील एकजुटीमुळे फेडरेशनचे दादासाहेब गायकवाड नाशिकमधून आणि बी. सी. कांबळे कोपरगावमधून लोकसभेत गेले. आपल्या शेजारच्या नांदेडच्या द्विसदस्यीय मतदारसंघातून फेडरेशनचे हरिहरराव सोनुले निवडून आले. पद्धत तीच, दोन मतांचा नियमही तोच. बदलली होती ती सहकारी मतदारांची वृत्ती. द्विसदस्यीय मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने रद्द झाले. १९९८ मध्ये प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले हे चार रिपब्लिकन नेते लोकसभेत गेले ते चारही खुल्या मतदारसंघांतून. काँग्रेसशी झालेल्या त्या समझोत्यात दुसऱ्या बाजूचे मतही प्रत्यक्ष पेटीत पडले होते. १९५२ मध्ये जे अंतर राहून गेले, ते येथे भरून निघाले.

तेव्हा मत वाया जाते केव्हा? पराभूत उमेदवाराला दिलेले मत वाया जात नाही. १९५२ मधील १,२३,५७६ मते आजही इतिहासात बोलतात. वाया जाते ते न दिलेले मत, विकलेले मत, भयाने दिलेले मत आणि समझोता करूनही सहकाऱ्याच्या जातीकडे पाहून मागे घेतलेले मत. मुंबईत १,६०४ मतांच्या हिशेबाने जे घडू शकले असते आणि हिंगोलीत १,६३२ मतांनी जे घडले, त्यांतील साम्य मोजणीपुरतेच आहे. परंतु थोड्या मतांचे मोल किती, हे दोन्ही आकडे सांगतात. युती करताना जागांचा हिशेब सर्वच करतात. मित्रपक्षाच्या मतदारांची मते आपल्या उमेदवाराच्या पदरात खरोखर पडतील काय, हा प्रश्न मतदानापूर्वी विचारावयास बाबासाहेबांच्या या दोन निवडणुका आपल्याला शिकवितात; आणि उत्तर प्रतिकूल आले तरी आपले मत न कुजविण्याचे बळही त्याच देतात.