पारस, ९ एप्रिल २०२३ : संध्याकाळी सातपर्यंत

दुपारी १२. सात तास उरलेत.
अकोला जिल्ह्याच्या बाळापूर तालुक्यातलं पारस. औष्णिक वीज केंद्रामुळे विदर्भभर ठाऊक असलेलं गाव. हनुमान जयंती होऊन तीनच दिवस झालेत. आज रविवार, बाबुजी महाराज संस्थानात संध्याकाळी महाआरती आहे. ऊन तापलंय आणि अवकाळीचे दिवस सुरू आहेत.

दुपारी ३. चार तास.
तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते. तिला ओलावा मिळाला की ढग बघता बघता दहा-बारा किलोमीटर उंच जातो. पाऊस धरला की थंडगार हवा ढगातून खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि चहूकडे धावत सुटते. हाच तो सोसाटा. जिल्ह्याला इशारा आदल्या दिवशी देता येतो. अमुक गावावर वारा अमुक वाजता उतरेल, हे मात्र फार आधी सांगता येत नाही. मग हाती उरतं ते एवढंच : माणसं जिथं जमणार, तिथलं छत आणि झाड आधी बघून ठेवणं.

दुपारी ४. तीन तास.
ते बघायचं कोणी? महाराष्ट्राचा १९७५चा वृक्ष संरक्षण कायदा नागरी क्षेत्रापुरता आहे. अकोला आणि अमरावती महापालिकांना तो लागू होतो : वृक्ष प्राधिकरण, दर पाच वर्षांनी वृक्षगणना. शहरातही झाडं पडतात, माणसं दगावतात. पण तिथं अर्ज घेऊन जायला एक दार तरी आहे. ग्रामपंचायतीच्या हद्दीतला कडुनिंब या कायद्याच्या बाहेर उभा असतो. ओकीफ, वेस्टगेट आणि विस्नर या संशोधकांनी १९७६ मध्येच ‘नेचर’मधून बजावलं होतं की, आपत्तीला नैसर्गिक म्हणून मोकळं होता येणार नाही, निसर्गाचा तडाखा कोणाला किती बसणार, हे माणसांची परिस्थिती ठरवते. मला ही परिस्थिती पारसच्या मंदिराजवळच्या टिनशेडमध्ये स्पष्ट दिसते.

संध्याकाळी ६. एक तास.
भाविक जमताहेत.

सातच्या सुमारास.
वारा सुटला, पाऊस कोसळू लागला. चाळीसेक माणसं मंदिराजवळच्या टिनशेडखाली आली. दुसरं काय करणार? भर पावसात माणूस जवळचा आडोसा गाठतो. पक्क्या स्लॅबखाली बसलेल्यासाठी हेच वादळ म्हणजे फार तर तासभर गेलेली वीज. शेडला लागूनचा जुना कडुनिंब उन्मळला आणि थेट टिनावर आला. शेड माणसांसह खाली बसलं.

त्यानंतर.
अंधार, पाऊस, जेसीबीने झाड उचलण्याची धडपड. किरकोळ जखमी बाळापूरला, बाकीचे अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. काहींनी जागीच प्राण सोडले, काहींनी उपचार सुरू असताना. एकूण सात जण गेले. आपत्ती निधीचा निकष मृत्यूमागे ४ लाख रुपये सांगतो. घरातला मिळवता माणूस गेला, तर तेवढ्यात किती वर्षं निभतील?

देवळाजवळचं शेड, आठवडी बाजार, बसथांबा, शाळेचं अंगण : प्रत्येक गावात अशा मोजक्याच जागा असतात. ग्रामपंचायत अधिकारी आणि वनरक्षक मिळून त्या एका दिवसात बघू शकतील. पण वऱ्हाडात अवकाळी मार्चपासूनच झोडपू लागतो आणि मान्सूनपूर्व आढाव्याच्या बैठका बहुधा मे महिन्यात लागतात. त्या फेब्रुवारीत घ्या.