वॉटसनची गोळी आणि एडलजीचे डोळे

डॉ. वॉटसनला गोळी नक्की कुठे लागली होती?

शेरलॉक होम्सचा हा मित्र १८८७ साली 'अ स्टडी इन स्कार्लेट'मधून वाचकांसमोर आला, तेव्हा अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत त्याच्या खांद्याला गोळी लागलेली होती. तीन वर्षांनी 'द साइन ऑफ फोर' आली आणि जखम खांद्यावरून पायात उतरली. पुढे १८९१च्या एका कथेत त्याची सख्खी बायको त्याला 'जेम्स' म्हणते. नाव जॉन!

लेखक आर्थर कॉनन डॉइल. वेगाने लिहिणारे, मागे वळून तपासण्याचा कंटाळा असलेले. कथेने वाचकाला धरून ठेवलं की झालं, बारीकसारीक तपशिलांची एवढी काय पत्रास, असं त्यांचं साधारण मत. पण त्यांनी निर्माण केलेला माणूस मात्र बुटावरच्या चिखलावरून माणसाचा दिवस कुठे गेला ते सांगायचा. होम्सच्या कथा वाचून वाचक होम्ससारखे बघायला शिकले, आणि शिकल्यावर त्यांनी पहिली झडती घेतली ती लेखकाचीच.

(पुढे काही जुन्या कथांची गुपितं फुटणार आहेत. सव्वाशे वर्षं होऊन गेलीत, तेव्हा चालवून घ्या.)

कॅलेंडर आणि साप

'द रेड-हेडेड लीग' ही होम्सची फार लोकप्रिय कथा. लाल केसांच्या माणसाला नोकरी देणारी जाहिरात २७ एप्रिल १८९०च्या वर्तमानपत्रात आलेली आहे, आणि ती बघून वॉटसन म्हणतो की, हे बरोबर दोन महिन्यांपूर्वीचं. नोकरी आठ आठवडे चालते. मग एका सकाळी ऑफिसच्या दारावर पाटी दिसते : लीग बरखास्त, ९ ऑक्टोबर १८९०. एप्रिल ते ऑक्टोबर म्हणजे दोन महिने? शिवाय कथेत तो दिवस शनिवार आहे आणि चोरीचा सगळा बेत शनिवारवरच उभा आहे. फोनवर १८९०चं कॅलेंडर काढून बघा. ९ ऑक्टोबरला गुरुवार होता.

'द स्पेकल्ड बँड'मधलं भोक आपल्या जास्त जवळचं आहे. कलकत्त्यात डॉक्टरकी करून इंग्लंडला परतलेला एक माणूस भारतातून आणलेला विषारी साप तिजोरीत ठेवतो, त्याला बशीतून दूध पाजतो आणि शिट्टी वाजवून परत बोलावतो. होम्स या सापाचं जे नाव सांगतो, त्या नावाचा साप भारतात नाही. शिट्टीच्या हुकमावर साप परत फिरत नाही. दूध हे सापाचं अन्न नाही, हे तर आपल्याकडचे सर्पमित्र दर नागपंचमीला घसा कोरडा करून सांगत असतात. तरी बशी पाहून होम्सला शंका येत नाही. उलट तीच त्याला पुरावा वाटते. अख्ख्या गावाचा ज्यावर विश्वास असतो, ते भोक कुणाला दिसत नाही.

भोक दिसलं, पुढे काय?

इथून वाचकांचे, आणि लेखकांचेही, तीन रस्ते होतात.

पहिला रस्ता भोक बुजवण्याचा. १९११ साली रोनाल्ड नॉक्स या तरुण विद्वानाने ऑक्सफर्डमध्ये होम्सकथांवर एक निबंध वाचला. धर्मग्रंथातल्या विसंगती पंडित जशा गंभीरपणे चर्चेला घेतात, तशाच त्याने होम्सकथांतल्या घेतल्या. हेतू थट्टेचा होता, पण त्यातून एक खेळच सुरू झाला : होम्स-वॉटसन खरी माणसं होती असं मानायचं आणि प्रत्येक चुकीला कारण शोधायचं. रहस्यकथालेखिका डोरोथी सेयर्स यांनी वॉटसनच्या 'जेम्स'चा गुंता असा सोडवला : त्याचं पूर्ण नाव 'जॉन एच. वॉटसन', तो 'एच' म्हणजे 'हेमिश' असणार, आणि हेमिश हे जेम्सचंच स्कॉटिश रूप. बायको लाडाने मधल्या नावाने हाक मारत होती! झकास. फक्त कथेत याला काडीचाही पुरावा नाही.

दुसरा रस्ता तपासून बघण्याचा. 'द प्रायरी स्कूल' या कथेत होम्स सायकलच्या चाकांच्या खुणांवरून सायकल कुठल्या दिशेने गेली ते सांगतो. मागच्या चाकाची खूण खोल, ती पुढच्या चाकाच्या खुणेवर पडलेली, म्हणून सायकल अमुक दिशेला गेली, असा त्याचा तर्क. वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला. साहेब, सायकल येवो किंवा जावो, मागचं चाक पुढच्याच्या खुणेवरच येणार! डॉइल आपली सायकल घेऊन बाहेर पडले, करून बघितलं, आणि वाचक बरोबर आहेत हे आत्मचरित्रात लिहून टाकलं. वर हेही सांगितलं की खरं उत्तर सोपं होतं : चढावर खूण खोल उमटते, उतारावर उथळ.

अगाथा ख्रिस्ती यांनी हाच प्रांजळपणा गमतीत दाखवला. 'डेथ इन द क्लाउड्स' (१९३५) मध्ये विमानात विषारी काटा फुंकायची नळी सापडते. पुढे त्यांच्या 'मिसेस मॅकगिंटीज डेड' (१९५२) मध्ये एक रहस्यकथालेखिका कुरकुरते की, मी नळी फारच आखूड दाखवली आणि संग्रहालयातून कुणीतरी पत्र पाठवून माझी चूक काढली. ही लेखिका म्हणजे ख्रिस्तीबाईंनी स्वतःचंच काढलेलं व्यंगचित्र.

तिसरा रस्ता सगळ्यात अवघड : भोक उघडं ठेवण्याचा. रेमंड चँडलर यांच्या 'द बिग स्लीप' (१९३९) मध्ये एक ड्रायव्हर गाडीसकट समुद्रात मरून पडतो. त्याला कुणी मारलं, की त्याने जीव दिला? त्यावर सिनेमा करताना दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांच्या मंडळींनी तार करून थेट लेखकालाच विचारलं. चँडलर यांनीच पुढे एका पत्रात सांगितलं की, आपल्यालाही उत्तर माहीत नव्हतं.

एवढ्यावर हा सगळा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटू शकतो. गोळी खांद्यात असो की पायात, कुणाचं काय बिघडतं? पण एका गोष्टीतल्या भोकांनी एका खऱ्या माणसाची तीन वर्षं गिळली.

पोलिसांनी रचलेलं कथानक

शापुरजी एडलजी मूळचे मुंबईचे पारशी. ख्रिस्ती झाले आणि इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमधल्या ग्रेट वर्ली गावात धर्मगुरू म्हणून राहिले. बायको इंग्रज. थोरला मुलगा जॉर्ज बर्मिंगहॅममध्ये वकिली करायचा. १९०३ साली त्या भागात रात्रीच्या वेळी घोडी, गाई, मेंढ्या यांची पोटं फाडण्याचे प्रकार सुरू झाले आणि निनावी पत्रं येऊ लागली. ऑगस्टमध्ये कोळशाच्या खाणीतलं एक तट्टू जखमी सापडलं. संशय आधीपासून ज्या सावळ्या कुटुंबावर होता, त्यातल्या जॉर्जला त्याच दिवशी अटक झाली. शिक्षा सात वर्षांची सक्तमजुरी.

आता हा खटला रहस्यकथेसारखा वाचा. आधी पोलिसांचं म्हणणं होतं की, जॉर्ज संध्याकाळी फिरायला गेला तेव्हा हे घडलं. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, जखम ताजी आहे, त्या वेळची असूच शकत नाही. मग गुन्ह्याची वेळ मध्यरात्रीनंतरवर सरकली. पण जॉर्ज वडिलांच्याच खोलीत झोपायचा, खोलीला कुलूप असायचं, आणि घरावर पोलिसांचीच पाळत होती. तो तुरुंगात असतानाही जनावरांवरचे हल्ले थांबले नाहीत. वॉटसनची जखम जशी सोयीने सरकली, तशीच इथे गुन्ह्याची वेळ सरकली. फरक इतकाच की, इथे कुणाला हसू येण्यासारखं नव्हतं.

तीन वर्षांनी जॉर्ज सुटला, पण निर्दोष ठरून नव्हे. त्याने डॉइल यांच्याकडे धाव घेतली. डॉइल लंडनच्या एका हॉटेलात त्याला भेटायला गेले, तेव्हा तो पेपर वाचत बसला होता. पेपर डोळ्यांच्या अगदी जवळ, आणि थोडा तिरका. डॉइल यांनी नेत्रवैद्यकाचा अभ्यास केलेला होता. त्यांच्या लक्षात आलं की, याची नजर फारच अधू आहे. तपासणीत आठ नंबर निघाला, आणि जॉर्ज चष्मा वापरत नव्हता. काळोख्या, पावसाळी रात्री शेतं, कुंपणं, रेल्वेचे रूळ ओलांडून हा माणूस बिचकणाऱ्या तट्टूपर्यंत पोचला आणि पाळतीवरच्या पोलिसांना चकवून परतला?

जानेवारी १९०७मध्ये 'डेली टेलिग्राफ'मध्ये त्यांचे लेख आले आणि गदारोळ उठला. मे महिन्यात सरकारने जॉर्जला जनावरांच्या गुन्ह्यातून माफी दिली. मात्र, ती निनावी पत्रं त्यानेच लिहिली, सबब संकट त्याने स्वतःवर ओढवून घेतलं, असं म्हणून भरपाईचा एक पैसाही दिला नाही. इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलाचं न्यायालय त्याच वर्षीच्या कायद्याने आलं. त्यामागे अडॉल्फ बेक या दुसऱ्या निरपराध माणसाच्या प्रकरणासोबत एडलजी प्रकरणाचाही हात होता.

गोष्ट इथे संपली असती तर डॉइल निखळ नायक ठरले असते. पण पोलिसांच्या कथानकातली भोकं दाखवून झाल्यावर 'मग खरा गुन्हेगार कोण?' हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी गावातल्याच एका माणसावर बोट ठेवलं. पुरावे तकलादू होते आणि सरकारने ते मानले नाहीत. सेयर्सबाईंनी 'हेमिश' शोधला, त्यात कुणाचं काही गेलं नाही. इथे एका जिवंत माणसाच्या माथी गुन्हा येत होता. ज्या घाईने जॉर्जला आत टाकलं, तीच घाई त्याला सोडवणाऱ्याच्याही अंगात शिरली.

म्हणून ग्रुपवर एखाद्या प्रकरणाची 'सगळी स्टोरी' येते, आरोपी ठरलेला असतो आणि त्याचा फोटोसुद्धा फिरत असतो, तेव्हा वॉटसनची गोळी आठवायला हरकत नाही. वेळ जुळते का? वार जुळतो का? आणि जुळत नसेल, तर तेवढंच म्हणावं. त्याच्या जागी आपली स्टोरी लिहायला घेऊ नये.

जॉर्ज एडलजीला १९०७च्या अखेरीस वकिलीची सनद परत मिळाली. १९५३ साली तो वारला. ती जनावरं कुणी मारली, हे आजतागायत सिद्ध झालेलं नाही.