रायफलीच्या नळीची स्वच्छता : रसायन, शिस्त आणि उत्तरदायित्व (इ.स. १८५३ ते १९६८) – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

युद्धशास्त्राच्या इतिहासात शस्त्रांच्या शोधाला, त्यांच्या पल्ल्याला आणि संहारक्षमतेला नेहमीच महत्त्वाचे स्थान मिळाले आहे. त्या मानाने शस्त्रांच्या देखभालीचा इतिहास उपेक्षित राहिला आहे. कोणती बंदूक कोणत्या साली सैन्यात दाखल झाली, याची नोंद ग्रंथांतून सहज सापडते. परंतु ती बंदूक हाती धरणाऱ्या सामान्य शिपायाने दररोज तिची नळी कशाने, किती वेळा आणि का पुसली, याची चर्चा फारशी होत नाही. वस्तुतः रणांगणावर शिपायाचा जीव अनेकदा या क्षुल्लक वाटणाऱ्या कामावर अवलंबून राहिला आहे.

रायफलीची नळी किती वेळा आणि कशी साफ करावी, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक आहे. मात्र त्याचे उत्तर काळानुसार बदलत गेलेले दिसते. दारू बदलली, काडतूस बदलले, गोळीचे आवरण बदलले, तसा नळीत उरणारा मळही बदलला. नियम मात्र पुष्कळदा जुनेच राहिले, आणि काही प्रसंगी नियमच उरला नाही. प्रस्तुत शोधनिबंधात या बदलांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. रायफलीच्या नळीत साचणाऱ्या मळाचे स्वरूप कसकसे बदलत गेले, याचा मागोवा घेणे.
२. स्वच्छतेच्या प्रचलित पद्धती आणि त्यांमागील शास्त्रीय कारणे यांचा संबंध तपासणे.
३. स्वच्छतेच्या जबाबदारीची शिपाई आणि शासनव्यवस्था यांच्यात विभागणी कशी झाली, याचे विश्लेषण करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन दुय्यम साधनांवर आधारलेले आहे. १८५३ हे एन्फिल्ड रायफलीच्या नमुन्याचे वर्ष आणि १९६८ हे एम-१६ रायफलीच्या देखभालीसंबंधी सचित्र पुस्तिका निघाल्याचे वर्ष, अशी कालमर्यादा निश्चित केली आहे.

काळी दारू आणि ठासणीची रायफल

सोरा, कोळसा आणि गंधक यांच्या मिश्रणातून तयार होणारी काळी दारू पूर्णपणे वायुरूप होत नाही. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन अवशेषांच्या रूपात उरतो. यांतील काही भाग धुराबरोबर बाहेर पडतो, तर उरलेला नळीच्या आतील पृष्ठभागावर थर धरतो. हे अवशेष मुख्यतः पोटॅशियमचे क्षार असल्यामुळे हवेतील ओलावा शोषून घेतात आणि नळीला लवकर गंज चढतो. मात्र हेच क्षार पाण्यात सहज विरघळतात. म्हणूनच काळ्या दारूच्या काळात नळी गरम पाण्याने धुणे, कोरडी करणे आणि नंतर तेलाचा हात देणे, हाच सर्वमान्य उपाय होता. हा उपाय अनुभवातून आलेला होता. त्यामागील रसायनशास्त्र शिपायाला ठाऊक असण्याची गरज नव्हती.

आतून गुळगुळीत असलेल्या जुन्या मस्केटमध्ये गोळी नळीपेक्षा बरीच लहान असे. त्यामुळे थोडा मळ साचला तरी गोळी तोंडाकडून खाली उतरत असे. रायफलीत सर्पिल खाचा असल्याने गोळी घट्ट बसणे आवश्यक ठरले. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फिल्ड रायफलीची नळी ०.५७७ इंच व्यासाची, तर गोळी सुरुवातीस ०.५६८ इंच व्यासाची होती. या अल्प अंतरात कागदाचे वेष्टनही मावायचे होते. काही बार झाले की मळाच्या थरामुळे गजाने गोळी ठासणे जड जाई. या अडचणीवरचा उपाय म्हणून काडतुसाच्या कागदाला वंगण लावले जाई. वंगणामुळे गोळी सरकत असे आणि आधीचा मळ काही अंशी मऊ होत असे.

येथे या विषयाचा भारतीय इतिहासाशी थेट संबंध येतो. जानेवारी १८५७ मध्ये दमदम येथे या वंगणात गाय व डुक्कर यांची चरबी असल्याची वार्ता पसरली. डमडम, अंबाला आणि सियालकोट येथील केंद्रांत नव्या रायफलीचे शिक्षण दिले जात होते. शिपायांनी स्वतः वंगण तयार करून वापरावे, काडतूस दाताने न तोडता हाताने फाडावे, अशा सवलती सरकारने दिल्या. परंतु तोवर विश्वास उडालेला होता. मीरत येथे २४ एप्रिल १८५७ रोजी तिसऱ्या लाइट कॅव्हलरीच्या ८५ शिपायांनी जी काडतुसे नाकारली, ती नव्या रायफलीची नसून जुन्या धर्तीची होती, ही बाब या दृष्टीने अतिशय बोलकी आहे.

१८५७ च्या उठावाची कारणे राजकीय, आर्थिक व सामाजिक स्वरूपाची होती. नळीतील मळाला उठावाचे कारण ठरवणे हास्यास्पद होईल. तथापि ज्या वंगणावरून ठिणगी पडली, त्या वंगणाची गरज नळीतील मळामुळे निर्माण झाली होती, हे नाकारता येत नाही. तांत्रिक गरज शिपायाला विश्वासात न घेता त्याच्यावर लादली, की तिचे परिणाम तंत्रापुरते मर्यादित राहत नाहीत, हा या प्रसंगाचा बोध आहे. पुढे एन्फिल्डच्या गोळीचा व्यास ०.५५ इंचापर्यंत कमी करण्यात आला आणि ठासणी सुलभ झाली.

धूररहित दारू : नवी सोय, नवे प्रश्न

फ्रान्समध्ये पॉल व्हिएल याने १८८४ मध्ये धूररहित दारू तयार केली. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्यूअर यांनी १८८९ मध्ये कॉर्डाइट विकसित केले. त्यात ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन आणि ५ टक्के व्हॅसलीन होते. गोळीमुळे नळीत साचणारा धातूचा थर कमी व्हावा, या हेतूने व्हॅसलीन घालण्यात आले होते. प्रत्यक्षात त्याचा मुख्य उपयोग दारू टिकाऊ करण्यासाठी होतो, हे नंतर लक्षात आले.

धूररहित दारूमुळे नळीत मळ कमी साचू लागला, परंतु कॉर्डाइटच्या प्रखर उष्णतेने नळी झिजू लागली. १८८८ च्या ली-मेटफर्ड रायफलीतील खाचा उथळ व गोलसर होत्या. काळ्या दारूचा मळ कमी धरावा आणि तो सहज निघावा, या दृष्टीने विल्यम मेटफर्ड याने ही रचना केली होती. कॉर्डाइटपुढे या उथळ खाचा लवकर झिजत. परिणामी १८९५ मध्ये खोल व कोनदार खाचांची ली-एन्फिल्ड रायफल आली. एका काळच्या मळावर शोधलेला उत्तम उपाय दुसऱ्या काळात दोष ठरला, याचे हे ठळक उदाहरण होय.

याहून गूढ प्रश्न गंजाचा होता. नळी तेलाने पुसून ठेवली तरी काही दिवसांनी ती आतून गंजलेली आढळे. दारूचे वायू पोलादाच्या छिद्रांत शिरतात आणि नंतर ‘घामासारखे’ बाहेर येतात, असा समज रूढ होता. त्यामुळे गोळीबारानंतर सलग काही दिवस नळी पुन्हा पुन्हा साफ करण्याची पद्धत पडली. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्समधील विल्बर्ट हफ यांच्या १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या समजाला छेद दिला. दोष दारूचा नसून काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीतील स्फोटक मिश्रणाचा होता. त्यातील पोटॅशियम क्लोरेटपासून पोटॅशियम क्लोराइड तयार होते. हा क्षार मिठासारखाच ओलावा ओढतो आणि तेलात विरघळत नाही. म्हणजेच केवळ तेल लावणारा शिपाई क्षारावर पांघरूण घालत होता. क्षार काढण्याचे काम पाणीच करू शकत होते.

ब्रिटिश व हिंदी सैन्यातील उकळत्या पाण्याच्या प्रघातामागचे कारण यातून स्पष्ट होते. काळ्या दारूसाठी योग्य असलेली पद्धत वेगळ्याच कारणासाठी पुन्हा योग्य ठरली होती. विशेषतः पावसाळी व दमट प्रदेशात हा प्रघात अधिक महत्त्वाचा होता.

पुल-थ्रू आणि अतिस्वच्छतेचा धोका

ली-एन्फिल्ड रायफलीच्या दस्त्यातील पोकळीत तेलाची पितळी बाटली आणि पुल-थ्रू ठेवलेले असे. पुल-थ्रू म्हणजे एका टोकाला पितळी वजन आणि दुसऱ्या टोकाला चिंधी अडकवण्यासाठी फासे असलेली दोरी. वजन मागच्या बाजूने नळीत सोडून दोरी तोंडाकडून सरळ ओढायची, ही तिची पद्धत. फ्लॅनेलच्या चार इंच बाय दोन इंच चिंधीला तिच्या मापावरूनच ‘फोर बाय टू’ हे नाव पडले. भारतातील राष्ट्रीय छात्रसेनेच्या शस्त्रप्रशिक्षणातही पुल-थ्रू, चिंधी आणि तेलाची बाटली हे साहित्य परिचित राहिले आहे.

या साध्या साधनातही एक धोका होता. दोरी तिरपी ओढली गेल्यास ती तोंडाच्या कडेवर घासत असे आणि वर्षानुवर्षांच्या घर्षणाने तेथे चर पडत असे. गोळी नळी सोडते त्या क्षणी तोंडाची कड सर्व बाजूंनी सारखी असणे अचूकतेसाठी अत्यावश्यक असते. दोरीबरोबर वापरायच्या तारेच्या जाळीवरही निर्बंध होते, कारण वारंवार वापराने तीही नळी झिजवी. अमेरिकेच्या एम-१ गरँड रायफलीची नळी रचनेमुळे तोंडाकडूनच गज घालून साफ करावी लागे. तिच्या अनेक नळ्यांची तोंडे गोळ्यांपेक्षा गजानेच अधिक झिजली.

दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात व त्यानंतर क्लोरेटविरहित टोप्या आणि तांबे-जस्ताच्या मिश्रधातूचे गोळीचे आवरण यांचा प्रसार झाला. गंज आणि धातूचा थर हे दोन्ही प्रश्न त्यामुळे सौम्य झाले. यानंतर रोजच्या कठोर घासणीचे शास्त्रीय समर्थन कमी होत गेले. तरीही शिस्तीचा भाग म्हणून ती चालू राहिली. तपासणीच्या वेळी नळी आरशासारखी चमकली पाहिजे, हा आग्रह नळीच्या आरोग्यासाठी कमी आणि आज्ञापालनाच्या खात्रीसाठी अधिक होता.

एम-१६ : स्वच्छतेचा विसर आणि त्याची किंमत

अतिस्वच्छतेच्या विरुद्ध टोकाचे उदाहरण व्हिएतनाम युद्धात आढळते. युजीन स्टोनर यांच्या आराखड्यावर आधारित एम-१६ रायफल अमेरिकन सैन्याच्या हाती आली, तेव्हा तिला फारशा सफाईची गरज नाही, अशी समजूत पसरली होती. अनेक तुकड्यांना सफाईचे साहित्य व पुरेसे प्रशिक्षण मिळाले नाही. या रायफलीत दारूचा वायू एका नळकांडीतून थेट आतील यंत्रणेत येतो. साहजिकच दारूचा मळही तेथेच साचतो.

मूळ रचना ज्या दारूवर तपासली गेली होती, तीऐवजी १९६४ मध्ये लष्कराने गोळीदार कणांची वेगळी दारू स्वीकारली. नव्या दारूमुळे गोळीबाराचा वेग वाढला आणि मळही वाढला. नळीच्या मागील कक्षाला क्रोमियमचा मुलामा दिलेला नव्हता. व्हिएतनामच्या दमट हवेत तो गंजे आणि रिकामे काडतूस आतच अडकून बसे. १९६६-६७ मध्ये अशा तक्रारी वाढल्या. अडकलेले काडतूस गजाने ढकलण्याचा प्रयत्न करीत असताना सैनिक मारले गेल्याचे वृत्तांत अमेरिकेत पोहोचले.

प्रारंभी अधिकाऱ्यांचा रोख सैनिकांच्या निष्काळजीपणावर होता. परंतु काँग्रेस सदस्य रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीने ऑक्टोबर १९६७ च्या अहवालात दारू बदलण्याच्या निर्णयाला दोषाचे प्रमुख कारण मानले आणि लष्करी व्यवस्थापनावर कठोर टीका केली. त्यानंतर कक्षाला व पुढे संपूर्ण नळीला क्रोमियमचा मुलामा देण्यात आला, सफाईचे साहित्य पुरवण्यात आले आणि १९६८ मध्ये चित्रकार विल आयस्नर यांच्या चित्रांची देखभाल-पुस्तिका सैनिकांच्या हाती पडली. जपानच्या टाइप ९९ रायफलीत क्रोमियमचा मुलामा यापूर्वीच वापरला गेला होता, हे लक्षात घेता हा विलंब अधिकच खटकतो.

निष्कर्ष

१. नळी किती वेळा साफ करावी, या प्रश्नाला कालातीत उत्तर नाही. काळी दारू किंवा क्लोरेटयुक्त टोपी वापरली असल्यास त्याच दिवशी पाण्याने सफाई अनिवार्य ठरते. आधुनिक काडतुसांच्या बाबतीत वापर, हवामान आणि अचूकतेतील घट यांवरून गरज ठरवणे अधिक युक्त होय.

२. उत्तम पद्धतीचे तत्त्व मात्र स्थिर राहिले आहे : शक्य तेथे मागच्या बाजूने सफाई करावी, तोंडाची कड जपावी, मळाच्या प्रकारानुसार द्रावक निवडावा आणि शेवटी तेलाचा पातळ थर द्यावा.

३. अनुभवातून आलेला नियम योग्य असू शकतो, पण त्याचे कारण चुकीचे समजलेले असल्यास परिस्थिती बदलताच तो निरुपयोगी किंवा घातक ठरतो.

४. मळ साचतो तो शिपायाच्या हातातील नळीत. परंतु तो किती व कोणता साचावा, हे दारू, काडतूस आणि आराखडा ठरवणारी व्यवस्था निश्चित करते. १८५७ मध्ये शिपायाला विश्वासात घेतले गेले नाही, तर १९६७ पूर्वी त्याला पुरेशी साधने दिली गेली नाहीत. दोन्ही प्रसंगी दोष प्रथम त्याच्याच माथी मारला गेला. म्हणून शस्त्राच्या देखभालीचा इतिहास हा केवळ चिंधी आणि तेलाचा इतिहास नसून ज्ञान आणि उत्तरदायित्व यांच्या विषम वाटपाचाही इतिहास आहे, असे म्हणावे लागते.