सुगंधी वनस्पतींचे अंगण

हिरवळीऐवजी गवती चहा, वाळा, तुळस, सब्जा, मरवा अशा सुवासिक वनस्पतींनी अंगण झाकण्याची पद्धत. छत्रपती संभाजीनगरात वर्षाला सुमारे ७०० मिमी. पाऊस पडतो, तोही मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्ये. शहराची तहान पैठणच्या जायकवाडी धरणातून उपसलेल्या पाण्यावर भागते. तेथे शोभेच्या हिरवळीला उन्हाळाभर पाणी घालणे समर्थनीय नाही. वाळ्याची मुळे दोन-तीन मीटर खोल जातात, म्हणून रुजल्यावर तो पाण्याचा ताण सोसतो. त्याचा सुगंध मात्र मुळांत असतो, दरवळासाठी मरवा, तुळसच हवी. पुदिन्याला सतत ओल लागते. तो कुंडीतच बरा. या झाडांवर मुलांना खेळता येत नाही, हा आक्षेप खरा आहे. परंतु त्यासाठी खेळापुरता हिरवळीचा तुकडा राखता येतो, सारे अंगण गवताखाली घालावे लागत नाही.