वाळवी : औषधाआधी ओल शोधा

भ्रष्टाचारापासून भाऊबंदकीपर्यंत, आतून पोखरणाऱ्या कोणत्याही गोष्टीला 'वाळवी' म्हणण्याची मराठीत पद्धत आहे. ही उपमा अगदी नेमकी आहे. वाळवी लागलेल्या दाराच्या चौकटीवरचा रंग शाबूत असतो, कपाटाची पाठ सरळ दिसते, पुस्तकाचे मुखपृष्ठही जागच्या जागी असते. बोट टेकवावे, तर ते आत जाते. तोवर नुकसान होऊन गेलेले असते.

लोखंडी कपाट किंवा सिमेंटच्या भिंती म्हणजे वाळवीपासून संरक्षण, हा समजही खरा नाही. उत्तर प्रदेशातील बाराबंकी जिल्ह्यातील एका बँक शाखेत सुमारे एक कोटी रुपयांच्या नोटा वाळवीने फस्त केल्याचे २०११ मध्ये उघडकीस आले होते. जे बँकेत घडते, ते तळमजल्यावरच्या सदनिकेत किंवा कोकणातल्या बंद घरात सहज घडू शकते. तरीही बहुतेक कुटुंबांचा उपाय ठरलेला असतो. दिसलेली माती खरवडायची, त्यावर रॉकेल शिंपडायचे आणि वर रंगाचा हात मारायचा. काही महिन्यांनी वाळवी दुसऱ्या कोपऱ्यातून डोके वर काढते. कारण जी दिसते ती केवळ अन्नाच्या शोधात निघालेली तुकडी असते. मूळ वसाहत बहुधा जमिनीखाली असते.

मुंगी नव्हे, झुरळाची नातेवाईक

वाळवीला 'पांढरी मुंगी' म्हटले जाते; परंतु तिचे नाते मुंग्यांशी नसून झुरळांशी आहे. आधुनिक वर्गीकरणात तिचा समावेश झुरळांच्याच गणात केला जातो. वसाहतीत राणी, राजा, सैनिक आणि कामकरी अशी विभागणी असते. लाकूड कुरतडण्याचे काम कामकऱ्यांचे. लाकूड, कागद आणि सुती कापड यांतील सेल्युलोज हे त्यांचे अन्न. ते पचवण्यासाठी काही जातींना आतड्यातील सूक्ष्मजीवांची मदत होते, तर काही जाती वारुळात चक्क बुरशीची शेती करतात. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी काही खाद्य अळंबी याच बुरशीची असतात. नागपंचमीला ज्या वारुळाची पूजा होते, तेही मुळात वाळवीनेच बांधलेले असते. नाग तेथे नंतर आसऱ्याला येतो.

कामकरी वाळवीचे शरीर मऊ असते आणि उघड्या हवेत ते लवकर शुष्क होते. म्हणूनच ती माती, लाळ आणि विष्ठा यांच्या मिश्रणातून नळीसारखा झाकलेला मार्ग बांधते आणि त्यातूनच ये-जा करते. ओल हा तिच्या जगण्याचा आधार आहे आणि तिला रोखण्याची किल्लीही तीच.

खुणा कशा ओळखाव्यात?

भिंतीवर, जोत्यावर किंवा चौकटीच्या कडेने पेन्सिलीच्या जाडीची मातीची रेघ दिसणे, ही सर्वांत खात्रीची खूण. तिचा लहानसा तुकडा मोडून पाहावा. काही दिवसांत तो पुन्हा जोडला गेला, तर वाळवी सक्रिय आहे असे समजावे. मात्र तुकडा कोरडा आणि रिकामा निघाला, म्हणून धोका टळला असे नाही. वाट बदललेली असू शकते.

लाकडावर टिचकी मारल्यास पोकळ आवाज येणे, रंगाला फुगवटे येणे, स्क्रू-ड्रायव्हरचे टोक सहज आत शिरणे, दार अकारण अडकू लागणे, याही खुणाच. पावसाच्या पहिल्या सरींनंतर दिव्याभोवती पंखवाले कीटक जमतात आणि सकाळी खिडकीपाशी पंखांचा सडा पडतो. हे कीटक नव्या वसाहती स्थापण्यासाठी बाहेर पडलेले वाळवीचे नर-मादी असू शकतात. त्यांचे चारही पंख सारख्या लांबीचे आणि कंबर जाड असते. पंखवाल्या मुंगीचे पुढचे पंख मोठे आणि कंबर बारीक असते. बाहेरून आलेले पाहुणे दिव्याकडे येणारच. परंतु ते घरातल्याच फटीतून बाहेर पडताना दिसले, तर तपासणी लांबवू नये.

लाकडाखाली भुगा पडला की ती वाळवीच, असेही नाही. पिठासारखी बारीक पूड आणि लाकडावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे, हे बहुधा लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचे काम असते. खसखशीसारखे कोरडे, कोनदार दाणे पडत असतील, तर ती कोरड्या लाकडातील वाळवी असू शकते. ही जात जमिनीशी संपर्क न ठेवता लाकडातच राहते. तिच्यासाठी जमिनीत औषध सोडून उपयोग होत नाही. त्या लाकडावरच उपचार करावे लागतात किंवा ते बदलावे लागते. त्यामुळे नेमकी ओळख पटल्याशिवाय खर्च करू नये.

वाळवी येते कोठून?

वाळवी काँक्रीट खात नाही. परंतु तिला शिरायला जेमतेम मिलिमीटरभर फट पुरते. फरशी आणि भिंत यांचा सांधा, नळ आणि विजेच्या नळ्या जेथून आत येतात ती भोके, दोन इमारतींमधील जोड आणि पाइपांची डक्ट हे तिचे नेहमीचे रस्ते. याच मार्गांनी ती वरच्या मजल्यांवरही पोहोचते.

या रस्त्यांना आमंत्रण मिळते ते ओलीमुळे. न्हाणीघराची गळती, वातानुकूलन यंत्राचे भिंतीवर ओघळणारे पाणी, जोत्याला चिकटून केलेले वाफे, भिंतीलगत रचलेले जळण किंवा रद्दी आणि बांधकामाच्या वेळी फरशीखाली पुरल्या गेलेल्या फळ्यांचे तुकडे ही सर्वसाधारण कारणे. गळती तशीच ठेवून औषध मारणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय.

सागाला वाळवी लागत नाही, हेही अर्धसत्य आहे. सागाच्या गाभ्याचे लाकूड वाळवीला बऱ्यापैकी दाद देत नाही. सालीलगतच्या पांढरट लाकडाला मात्र ते संरक्षण नसते. प्लायवूडवरील 'बीडब्ल्यूआर' हा शिक्का पाण्याला टिकण्याविषयी आहे, वाळवीविषयी नव्हे. वाळवीरोधक प्रक्रिया केलेली आहे का, हे स्वतंत्रपणे विचारावे लागते.

औषधोपचार कसे होतात?

भारतीय मानक संस्थेच्या 'आयएस ६३१३' या मानकाचे तीन भाग आहेत. पहिला बांधकामातील उपायांविषयी, दुसरा बांधकामापूर्वीच्या रासायनिक उपचारांविषयी आणि तिसरा उभ्या असलेल्या इमारतींविषयी. घर बांधतानाच पाया आणि जोत्याखालील मातीवर उपचार करणे सर्वांत सोपे. नंतर तेच काम फरशी फोडून करावे लागते.

राहत्या घरात तळमजल्यावर फरशी आणि भिंत यांच्या सांध्यालगत साधारण ३०० मिलिमीटर अंतरावर १२ मिलिमीटर व्यासाची छिद्रे पाडली जातात. प्रत्येक छिद्रात माती पिईल तितके, जास्तीत जास्त एक लिटर द्रावण सोडून ते बुजवले जाते. लाकडी चौकटींमध्ये बारीक, तिरपी छिद्रे पाडून औषध सोडतात. घराबाहेरून पायाच्या कडेची मातीही औषधाने भिजवली जाते. यातून घराभोवती आणि घराखाली औषधाचा सलग पट्टा तयार व्हावा, हा हेतू असतो. पट्टा जेथे तुटतो, तेथूनच वाळवी परत येते.

बायफेन्थ्रिनसारखी काही औषधे वाळवीला दूर लोटतात. इमिडाक्लोप्रिड आणि फिप्रोनिल यांचा मात्र वाळवीला सुगावा लागत नाही. ती त्यातून ये-जा करते आणि विष आपल्याबरोबर इतरांपर्यंत नेते. आमिषाची पद्धतही वापरात आहे. तीत वाळवीची कात टाकण्याची क्रिया बिघडवणारे औषध खाद्यात मिसळून ठेवतात. ही पद्धत कमी रसायनांत होते. परंतु परिणामासाठी काही महिने धीर धरावा लागतो.

आरोग्याशी तडजोड नको

एकेकाळी वाळवीसाठी सर्रास वापरली जाणारी ऑल्ड्रिन आणि क्लोर्डेन यांसारखी औषधे आता भारतात बंद आहेत. ती वर्षानुवर्षे जमिनीत टिकत, यामुळेच ती लोकप्रिय होती आणि यामुळेच घातकही ठरली. क्लोरपायरिफॉसच्या घरगुती वापराला अमेरिकेने २००० मध्ये जवळजवळ पूर्णविराम दिला. २०२५ मध्ये स्टॉकहोम कराराच्या सदस्य देशांनीही, काही वापरांना सूट ठेवून, ते बंद करावयाच्या रसायनांच्या यादीत घातले. 'वास उग्र म्हणजे औषध जालीम' हा निकष म्हणूनच सोडून द्यायला हवा.

उपचाराच्या वेळी लहान मुले, गर्भवती, वृद्ध आणि दम्याचे रुग्ण यांना घराबाहेर ठेवावे. भांडी, धान्य आणि पिण्याचे पाणी हलवावे. ही औषधे माशांना घातक असतात, त्यामुळे मत्स्यपेटीची वेगळी सोय करावी. आवारात विहीर किंवा जमिनीखालील पाण्याची टाकी असल्यास ते आधी सांगावे; तेथे औषध सोडण्याबाबत विशेष काळजी घ्यावी लागते. छिद्रे पाडण्यापूर्वी विजेच्या आणि पाण्याच्या वाहिन्यांच्या जागा खुणेने दाखवाव्यात. लाकडावर रॉकेल ओतण्याचा घरगुती उपाय आगीला निमंत्रण देणारा आहे. मीठ, कापूर किंवा कडुनिंबाचे तेल यांनी समोरची वाळवी फार तर हटते. वसाहतीपर्यंत त्यांचा परिणाम पोहोचत नाही.

कंत्राट देताना

कीडनियंत्रणाचा व्यवसाय करण्यासाठी कीटकनाशकविषयक कायद्यानुसार परवाना लागतो. तो पाहण्यास मागावा. औषधाचे नाव, त्याचे प्रमाण आणि हमीचा कालावधी लेखी घ्यावा. सीलबंद डबा समोर उघडण्यास सांगावे. हमीत केवळ पुन्हा फवारणी आहे की पुन्हा छिद्रे पाडून उपचार आहेत, हेही स्पष्ट करून घ्यावे.

कामाचा दर्जा तपासण्यासाठी साधा हिशेब पुरतो. तळमजल्यावरील तीन मीटर बाय चार मीटरच्या खोलीचा घेर चौदा मीटर होतो. म्हणजे सुमारे ४५ छिद्रे आणि माती शोषून घेत असेल, तर चाळीसएक लिटर द्रावण. तीन खोल्यांचे काम दहा लिटरच्या एका पंपात आटोपत असेल, तर प्रश्न विचारण्याचा अधिकार घरमालकाला आहे.

वाडे, चाळी आणि सोसायट्या

पुण्यातील वाडे आणि गिरगाव, काळबादेवीच्या जुन्या इमारतींमध्ये लाकूड ही केवळ सजावट नसते. तुळया आणि खांब छताचा भार वाहतात. भिंतीत शिरलेली तुळईची टोके ओलीमुळे सर्वांत आधी पोखरली जातात आणि ती दिसतही नाहीत. अशा ठिकाणी औषधवाल्याच्या आधी संरचना अभियंत्याला बोलवावे. पोखरलेली तुळई औषधाने पुन्हा मजबूत होत नाही. ती खोट्या छताने झाकणे तर जिवाशी खेळ ठरतो.

गृहनिर्माण संस्थांमध्ये अडचण वेगळी असते. जमीन, जोते आणि डक्ट सामाईक. वाळवी मात्र एका सदनिकेत. त्या एका कुटुंबाने वारंवार पैसे मोजून उपयोग होत नाही, कारण रस्ता दुसरीकडूनच खुला असतो. त्यामुळे लेखी तक्रार करून हा विषय सभेपुढे आणावा आणि संपूर्ण इमारतीची तपासणी एकत्रित करावी.

आधी कागदपत्रे

फर्निचर पुन्हा करता येते. कागदांचे तसे नसते. खरेदीखत, भाग दाखला, शैक्षणिक प्रमाणपत्रे आणि जुनी छायाचित्रे भिंतीला चिकटलेल्या लाकडी कपाटाच्या तळाशी ठेवू नयेत. घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून आणि भिंतीपासून दूर ठेवून वर्षातून दोनदा ती बाहेर काढावीत, तसेच त्यांच्या संगणकीय प्रती करून ठेवाव्यात. नोंदणीकृत खरेदीखत नष्ट झाल्यास दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळू शकते. भाग दाखल्याच्या दुसऱ्या प्रतीसाठी संस्थेकडे अर्ज करावा लागतो. आजोबांच्या हस्ताक्षरातली वही मात्र कोणत्याही कार्यालयातून मिळत नाही.

पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा हातात विजेरी घेऊन चौकटींची खालची टोके, स्वयंपाकघरातील ओट्याखालची जागा, न्हाणीघरालगतची भिंत आणि माळा पाहून घ्यावा. बंद ठेवलेल्या गावच्या घरासाठी ही तपासणी अधिकच निकडीची आहे.