रेवसच्या लाँचमधले दोन ‘एल्डर’

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येणाऱ्या लाँचमध्ये भेटलेले, पांढरा सदरा घातलेले नि छातीवर काळी नावपट्टी लावलेले हे दोन ‘एल्डर’ म्हणजे मॉर्मन पंथाचे तरुण प्रचारक. या पंथाची मुले अठराव्या वर्षानंतर दोन वर्षे घर सोडून ही सेवा करतात, पगार नसतो. सकाळी साडेसहाला उठणे, प्रार्थना, धर्मग्रंथाचे वाचन, मग दिवसभर लोकांच्या गाठीभेटी. जोडीदाराला सोडून एकट्याने कुठे जायचे नाही. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या ठरतात. कधी गाव बदलते, कधी जोडीदार, कधी दोन्ही. नुकती ओळखीची झालेली घरे सोडून बॅगा उचलताना मुलाची उलघाल होते. तिला केवळ शिस्तीचा भाग मानणे अन्यायाचे होईल. या वयात श्रद्धेची खरी कसोटी तिथेच लागते.

पंथ आपल्याकडे नवा नाही. ह्यू फिंडले हा स्कॉटिश प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत आला. पुण्यात त्याने छोटी मंडळी उभी केली. १८५३ मध्ये अमेरिकेतून कलकत्त्याला उतरलेल्या प्रचारकांच्या तुकडीत २२ वर्षांचा एमॉस मिल्टन मसर होता. पदरी पैसा न बांधता निघायचे, हा त्यांचा नेम. कलकत्ता, मुंबई, कराची अशी मसरची ठाणी बदलत गेली. त्यांना श्रोते मिळाले ते मुख्यतः इंग्रजी फौजेतले. मराठी घरांपर्यंत ते फारसे पोचलेच नाहीत.